सातव्या कादंबरीनंतर

इस्त्री परत करायला आलेल्या माणसाने मला मी वारल्याची बातमी दिली, आणि देताना डोक्यावरची उन्हाची टोपी काढून छातीशी धरली, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना. माणूस चाळिशीचा, चष्म्याची काडी चावायची सवय असलेला, बिल या खिशात नाही तर त्या खिशात असं शोधणारा. बिल हातात तयार ठेवून येणारे बहुधा थापा मारतात. खऱ्या माणसाला बिल वेळेवर सापडत नाही. विजेच्या वस्तूंच्या या दुकानात मागच्या बाजूला, सामानाच्या लिफ्टला खेटून 'माल परत' अशी पाटी आहे, तिच्याखाली मी बसते. समोर येणारी प्रत्येक वस्तू म्हणे आपोआप बिघडलेली असते. मिक्सर आपोआप जळतो, पंख्याचं पातं आपोआप वाकतं, आणि किटलीच्या बुडाला आपोआप पोचा येतो. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, तोच मी त्यालाही विचारला, "पडली की पाडली?" तर हा इस्त्री विसरला, बिल विसरला, आणि जुनी शेजारीण भेटावी तसा खुलला. "मॅडम! म्हणजे तुम्हीपण आपल्यातल्याच?" मी विचारलं, कुणातली? "अहो, भांडारवालीचं वाक्य ना हे! काय सूर पकडलाय तुम्ही." मी म्हटलं, हे वाक्य माझं आहे. "आता ते आपल्या सगळ्यांचंच झालंय," तो म्हणाला, आणि तेव्हा ती टोपी निघाली. "मुळात सरांच्या मिसेसचं. सातव्या कादंबरीच्या वेळी गेल्या ना त्या. फार सोसलंय हो त्या माणसाने." सर कोण, हे विचारायची गरज नव्हती, भांडारवाली एकच आणि तिचा लेखकही एकच. मी म्हटलं, "ते माझे मिस्टर." तो इतक्या मायेने हसला की मला माझीच कीव आली. "आमची हीसुद्धा मला म्हणते, तुमचं लग्न त्या पुस्तकांशीच झालंय. चालायचंच." मी इस्त्री बदलून दिली. शिक्का मारताना शाईचा डबा उघडा आहे की बंद हे बोटांना समजत नव्हतं, आणि कानात नव्या फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसला बारीक, थंड आवाज येत होता.

आमचे हे विज्ञानकथा लिहितात, असं मी लग्नानंतर बरीच वर्षं सांगत असे. मग लोक विचारत, कुठली? आणि पुढचं सांगताना जीभ अडखळायची. कारण हे जे लिहितात ते मिक्सरबरोबर जादा भांडं मिळतं तसं असतं. टीव्हीवर अवकाशयानाची एक मालिका फार वर्षं चालते. तिच्या दोन भागांच्या मध्ये जहाजावर काय घडलं असेल, त्या कादंबऱ्या हे लिहितात. जहाज कंपनीचं, कप्तान कंपनीचा, ताऱ्यांची नावंसुद्धा कंपनीची. भाड्याच्या घरात राहावं आणि भिंतीला खिळा मारू नये, तसा हा संसार. कप्तानाला लग्न करायची बंदी, म्हातारं व्हायची बंदी, त्याला सर्दी झाली तरी ती पुस्तक संपायच्या आत बरी झाली पाहिजे. लेखकाला स्वतःचं म्हणून एखादं माणूस आणायची तेवढी मुभा. तेही पाहुण्यासारखं, आलं, चार कामं केली, गेलं. ह्यांनी पहिल्याच पुस्तकात जहाजाच्या तळाशी एक भांडार काढलं आणि तिथे एक बाई बसवली. नटबोल्टपासून श्वासाच्या नळकांड्यांपर्यंत सगळं तिच्या ताब्यात, आणि काहीही मागायला येणाऱ्याला तिची उलटतपासणी. कंपनीचं तिकडे लक्ष गेलं नाही, वाचकांचं गेलं, आणि पाहुणी राहूनच गेली. ही बाई कुणासारखी बोलते ते मला पहिल्या पुस्तकात कळलं होतं. मी तेव्हा हसले होते. पुढे वाचायचं सुटलं, जसं आपल्या लग्नाचा अल्बम बघायचं सुटतं. त्यात आपणच असतो, बघायचं काय?

आज माल मोजणीसाठी दुकान दुपारीच बंद होणार होतं. डबा न उघडता मी सुट्या भागांच्या खोलीत जाऊन बसले. तिथे खोक्यांवर खोकी, पुठ्ठ्याचा आणि रबराचा वास, वर एक दिवा, जो फडफडतो आणि जो बदलायचं काम कुणाचं यावर दोन खाती भांडतात. फोनवर चाहत्यांचा कट्टा शोधला. मला वाटलं होतं, पाच-दहा रिकामटेकडे असतील. तिथे तर गावच वसलेलं. लोकांनी स्वतःला 'तिसरं इंजिन', 'निवृत्त दुर्बीण' अशी नावं दिलेली, आणि ह्यांच्या एकेका पुस्तकाचं शवविच्छेदन चाललेलं. 'पहिल्या तीन म्हणजे मालिकेला लावलेली ठिगळं. चौथीपासून लेखक जागा झाला.' 'सहावीत हवाबंद दार डावीकडे उघडतं, मालिकेत उजवीकडे. लेखकाने मालिका पाहिलीय का?' (पाहिलीय. जेवताना. भाजी वाढू का, हे मला दोनदा विचारावं लागतं.) आणि मग या सगळ्या भांडणांना मधोमध चिरणारी एक रेघ: तिच्या आधीच्या आणि तिच्या नंतरच्या. ती म्हणजे भांडारवाली की मी, हे ते लोकही वेगळं करत नव्हते. सातवीत ती मरते. आठवीपासून, तिसऱ्या इंजिनाच्या मते, 'सरांची वाक्यं आखूड झाली. दुःखात माणूस कमी बोलतो. एवढी पारदर्शक वेदना या प्रकारच्या लेखनात दुसरीकडे नाही.' मी ते वाक्य परत परत वाचलं. आठवीच्या वर्षी हे न्हाणीघरात घसरले होते, उजवं मनगट प्लास्टरमध्ये, आणि डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होते. पारदर्शक वेदना खरीच होती. रात्रंदिवस मी तिच्याखाली उशी सरकवत होते.

हसू यायला हवं होतं. आलंही असतं, पण खाली चाहत्यांच्या मेळाव्याचं जुनं चित्रण होतं. वर्षातून एकदा हा मेळावा भरतो. हे इस्त्रीचा शर्ट घालून जातात, मला म्हणतात, तुला कंटाळा येईल. मी चित्रण लावलं. भलंमोठं सभागृह, व्यासपीठावर हे, समोर पाण्याचा पेला. मागून कुणीतरी विचारतं, सर, भांडारवाली कुणावरून घेतली? हे म्हणतात, "माझ्या बायकोवरून." मग तोच आवाज, जरा खाली येऊन: "आणि त्या...?" बस, एवढंच. वाक्य पुरं करायचं धाडस त्यालाही नव्हतं. ह्यांनी पेला उचलला. मी ह्यांना ओळखते; हॉटेलात दुसऱ्याच टेबलाचं ताट पुढे आलं तरी हे मुकाट जेवतात, वर म्हणतात, बरं होतं. पेला ओठांशी नेला आणि खाली ठेवला, प्यायले नाहीत. पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. मग तिच्या शेजारचा. मग खुर्च्या सरकल्याचा असा आवाज झाला की सुट्या भागांच्या खोलीतली खोकी माझ्या अंगावर येतायत असं वाटून मी हात वर केला. सगळं सभागृह उभं. कुणी टाळी वाजवत नाही, कुणी खोकत नाही. आणि हे खाली बघतायत, पेल्यात.

मी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असते, तिच्या कचेरीत या वेळी तिला फोन केलेला आवडत नाही. मी म्हटलं, "बाळा, मी मेलेय हे तुला माहीत आहे का?" पलीकडे खुर्ची फिरल्याचा आवाज. "आई... तू कट्टा वाचलास?" म्हणजे माहीत होतं. "अगं, मला वाटलं तुला बाबांनी सांगितलं असेल. मला वाटलं तुमचं दोघांचं काहीतरी ठरलंय, तुमचा जोक." मी विचारलं, कसला जोक? "रागावू नकोस गं. तिकडे तुला लोक किती मानतात ठाऊक आहे? मी लहानपणी कुणाला सांगत नव्हते माझी आई दुकानात बसते म्हणून. कट्ट्यावरही सांगत नाही की मी तिची मुलगी आहे, पण ते लोक रडायला लागतील म्हणून." मी विचारलं, "आणि तुला काय वाटलं? माझ्याविषयी तिथे वाचताना?" "बरं वाटायचं," ती म्हणाली. "त्यांना तुझं जेवढं माहीत आहे तेवढं मला नव्हतं." मग तिला मीटिंगला बोलावलं.

घरी जाताना मी चालत गेले. रस्त्यावर ऊन सरळ डोक्यावर, माणसांच्या सावल्या पायांशी गोळा झालेल्या. माझीही होती, हे मी पाहून घेतलं. एका काचेच्या दारात प्रतिबिंब दिसलं, तेही नीट पाहिलं: पिशवी, गुडघ्यामुळे जरा तिरकी चाल, केसांत खोवलेलं पेन, काढायला विसरलेलं. आणि एकदम गॅलरीतली झाडं आठवली. मेळाव्याहून हे दर वर्षी एक रोपटं घेऊन यायचे. कुणी दिलं? "वाचकांनी." कशाला? "असंच. प्रेमाने." मी कुंड्या आणल्या, माती बदलली, किडीला साबणाचं पाणी फवारलं, एक फुलत नव्हतं त्याला रागावले, दुसऱ्याचं बाजारात कौतुक केलं. पायऱ्यांपाशी मी कठडा धरला. एवढी वर्षं मी माझ्याच आठवणीला लावलेल्या झाडांना पाणी घालत होते, आणि ह्यांनी झारी भरून माझ्या हातात दिली होती, तोंडातून ब्र न काढता. फार दुखलं असंही नाही. सुन्न म्हणतात ते हेच असणार. दंतवैद्याकडून निघाल्यावर आपला ओठ कुणा दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं नाव, माझा पत्ता, माझा जिना.

हे टेबलाशी होते, तिरपे बसून, एक चप्पल पायात आणि दुसरी टेबलाखाली. "लवकर?" त्यांनी विचारलं.

"अहो, मी वारले कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले, एकावर एक, शाळेतल्यासारखे. "मी तसं कधी म्हटलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणालात. तेवढंच तर केलंत."

"अगं, लोक उभे राहिले. उभ्या राहिलेल्या माणसांना बसा कसं म्हणायचं? मी सांगणारच होतो, घरी आहे, गुडघा दुखतोय. पण तोवर एक मुलगी रडायलाच लागली."

"मग पुढच्या वर्षी सांगायचं. त्याच्या पुढच्या वर्षी."

"दर वर्षी ठरवून जातो." मग नेहमीसारखे गप्प झाले, पण या वेळी मी नेहमीसारखी थांबले नाही. विचारलं, मुळात मारली का? कुठल्या पुस्तकात काय कमी पडत होतं म्हणून? तर म्हणाले, कंपनीला ती मालिकेत हवी होती. कुणीतरी कोवळी नटी ठरली होती. तिच्या हातात बंदूक देणार होते, दुसऱ्या वैमानिकाशी जुळवणार होते, आणि तिला बोलायला लावणार होते ते त्यांच्या पगारी लेखकांकडून. "मेलेली माणसं ते घेत नाहीत. नियम आहे. तिला त्यांच्या हाती द्यायची नव्हती, म्हणून." हे सांगताना त्यांच्या मानेची शीर उडत होती. मला वाटून गेलं, या माणसाने माझ्यासाठी एवढा मोठा निर्णय उभ्या जन्मात घेतला नव्हता. आणि जो घेतला तो हा. ते उठले, कपाटातून सातवी काढली, पान उघडून माझ्यापुढे ठेवली, आणि ओट्यापाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

मी उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्ची ओढली. भांडाराला भेग पडते, हवा निसटायला लागते. ती वर कळवते, पण वर लढाई चालू आहे, कुणी ऐकत नाही. मग ती कळवणं सोडून देते. खोक्यांवरची वाकडी झालेली लेबलं सरळ करायला घेते. हलक्या हाताने, अंगठ्याच्या कडेने, आधी वरचा कोपरा. केसांतलं पेन काढते, टोपण नीट बसलंय ना ते दाताने दाबून पाहते, परत खोवते. एक गुडघा पुढे करून बसते, दुखरा. वर लढाई जिंकतात, आनंद करतात, जेवतात, झोपतात. दुसऱ्या दिवशी कुणालातरी एक स्क्रू लागतो, तेव्हा लक्षात येतं की भांडारातून आवाज आलेला नाही. मी अंगठ्याकडे पाहिलं. लेबल आधी वरच्या कोपऱ्यातून दाबते, हे माझं मला माहीत नव्हतं. या घरात नवा पडदा लागला तर ह्यांना महिना लागतो दिसायला, आणि हे अंगठ्याची कड बघत होते. सगळं पाहिलेलं होतं, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. आणि ते सगळं तिला दिलेलं होतं. मला उरलं होतं, भाजी वाढू का म्हणून दोनदा विचारणं. डोळे भरून आले ते तिच्यासाठी, हे मला स्पष्ट कळत होतं; ती एकटी होती तिथे खाली, आणि कुणी गेलं नाही. मग मी ते पुसले, कारण मत्सर वाटायला लागला.

"चांगलं लिहिलंय," मी म्हटलं. ओट्यापाशी त्यांची पाठ जरा हलली. "आता त्यांना खरं सांगा."

"आत्ता?"

"नाही, माझ्या तेराव्याला."

पण आधी मीच बसले, मला दम नव्हता. कट्ट्यावर नवं खातं उघडलं, नाव दिलं 'बायको', आणि लिहिलं: 'मी त्यांची बायको. मी जिवंत आहे. तब्येत बरी आहे, गुडघा सोडला तर.' उत्तर लगेच आलं. निवृत्त दुर्बीण: 'लाज नाही वाटत?' मग तिसरं इंजिन, शिस्तीत: 'भांडारवाली स्वतःचं दुखणं कधीच बोलून दाखवत नाही. पाहा पाचवी कादंबरी, ताप येतो तो प्रसंग. सोंग आणायचं तर अभ्यास करून आणा.' मी ह्यांना विचारलं, पाचवीत मला ताप येतो? "येतो," हे माझ्या खांद्यामागून म्हणाले, "तू सांगत नाहीस." मी म्हटलं, मी तर घर डोक्यावर घेते. तेवढ्यात इस्त्रीवाला आला. दुकानाचा विषय काढला म्हणून ओळखला. एक क्षण जीव भांड्यात पडला, कारण या सगळ्या गावात मला डोळ्यांनी पाहिलेला तो एकटा. त्याने लिहिलं: 'मित्रांनो, त्यांच्यावर रागावू नका. आज मला दुकानात एक बाई भेटल्या. तेच वाक्य, तोच सूर, केसांत पेनसुद्धा. म्हणाल्या, ते माझे मिस्टर. प्रेमात माणसाचं असं होतं. सांभाळून घ्या.' आणि खाली माणसं मला सांभाळून घ्यायला लागली.

"उठा," मी म्हटलं. "म्हणजे बसा. तुमच्या नावाने लिहा."

ह्यांच्या नावापुढे खरेपणाची खूण आहे, त्यांच्या शब्दावर तिथे पान हलतं. ते बसले. 'वस्तुतः' असं लिहिलं, खोडलं. 'अनेक वर्षांपासून एका गैरसमजाबाबत' लिहिलं. मी म्हटलं, "अहो, प्रस्तावना नको. जिवंत आहे, एवढंच." मी दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसले, कोपराला कोपर लागेल अशी. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्या वेळी मला त्यांची दयाही आली, हे नोंदवून ठेवते. आखूड वाक्यांची कौतुकं, ते उभं राहिलेलं सभागृह, सगळं एका ओळीने जाणार होतं, आणि तरी त्यांचं बोट अक्षरांवरून पुढे जात होतं. त्यांनी लिहिलं: 'माझी पत्नी जिवंत आहे. आत्ता या क्षणी ती माझ्या शेजारी बसली आहे.' माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी, सरळ. मी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं.

काही वेळ काहीच आलं नाही. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं. माझं सगळं अंग कान झालं होतं; असं मी लेकीच्या जन्माच्या वेळी तिच्या पहिल्या रडण्याची वाट पाहिली होती. मग त्या पहिल्या रांगेतल्या मुलीचं असावं, एक उत्तर उमटलं: 'सर, आम्हाला माहीत आहे. ती कायम तुमच्या शेजारीच असणार.' दुसरं: 'हे वाचून हात थरथरतायत.' तिसरं इंजिन: 'इतक्या वर्षांनी सर पहिल्यांदा बोलले. दोनच वाक्यं. आखूड.' मी म्हटलं, "अहो, पुन्हा लिहा. नीट लिहा. फोटो टाका." ह्यांनी कळफलकाला हात लावला नाही. त्यांचे खांदे खाली आलेले होते, जड पिशवी कुणीतरी हातातून घेतल्यावर येतात तसे. ते मी पाहिलं, आणि ते मला दिसलंय हे त्यांना कळलं. तेवढ्यात निवृत्त दुर्बिणीने लिहिलं: 'कुणीही काही लिहू नका. एक मिनिट शांतता.'

आणि रिकाम्या ओळी यायला लागल्या. नाव, आणि पुढे काही नाही. नाव, आणि पुढे काही नाही. न बोलणाऱ्यांची रांग पडद्यावर खालून वर सरकत राहिली, कुठकुठल्या शहरांतून, एकामागून एक, न संपणारी. मी शेजारी पाहिलं. ह्यांनी डोळे मिटून मान खाली घातली होती.

मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला, चांगला पिरगळून. ह्यांनी ओठ आवळले, नाकातून एक श्वास सोडला. मान वर केली नाही. मिनिट अजून व्हायचं होतं.